लग्न कितव्या भागात?

प्रेमकादंबरी उघडताना वाचकाला शेवट ठाऊक असतो. नायक आणि नायिका पहिल्या भेटीत भांडली की त्यांचं जमणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पैसे मोजायचे ते मधल्या खोळंब्यासाठी. गैरसमज, हरवलेली चिठ्ठी, आडवा येणारा मामा, श्रीमंत पण मूर्ख असं दुसरं स्थळ, आणि मग एकदाचं लग्न. ना. सी. फडक्यांनी 1931 साली ‘प्रतिभासाधन’ लिहून हा खोळंबा कसा रचायचा याचं जणू शास्त्रच मांडलं. त्यांच्यावर ‘तंत्रवादी’ म्हणून टीका करणाऱ्यांनीही त्यांच्या कादंबऱ्या रात्री जागून वाचल्या.

हीच कादंबरी दूरचित्रवाणीवर आणायची ठरली की निर्मात्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो. लग्न कितव्या भागात लावायचं? बाकीचं सगळं, म्हणजे कलाकार, वाडा, साड्या, शीर्षकगीत, नंतर. हलकीफुलकी प्रेमकथा हलकी राहणार की सहा महिन्यांत तिचं रडगाणं होणार, हे बहुतांशी याच उत्तरावर ठरतं.

थोडा हिशेब करू. तीनशे पानांची कादंबरी सावकाश वाचली, पानाला दोन मिनिटं धरली, तरी दहा तासांत संपते. बीबीसीने 1995 साली जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची मालिका केली ती सहा भागांची, साडेपाच तासांच्या आसपास. आता आपली रोजची मालिका घ्या. जाहिराती वगळून बावीस मिनिटं, आठवड्याला सहा दिवस. वर्षाचे एकशे चौदा तास झाले. म्हणजे एका कादंबरीच्या ऐवजावर अकरा कादंबऱ्यांएवढा वेळ भरून काढायचा, आणि मालिका चालली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच. लेखक कितीही गुणी असो, हरवलेली चिठ्ठी एकशे चौदा तास हरवलेली ठेवता येत नाही.

दूरदर्शनच्या काळात ही अडचण नव्हती. आठवड्याला एक भाग, आणि मंजुरी तेराच्या पटीत: तेरा, सव्वीस, फार झालं तर बावन्न. तेरा अर्ध्या तासांत एक कादंबरी बेताने मावते. 1985 साली आलेली ‘तृष्णा’ ही त्याच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची हिंदी आवृत्ती. लग्नाच्या मुली घरात असलेल्या आईची घालमेल इंग्लंडातून उचलून इकडे आणायला फारसे कष्ट पडले नसणार. उपवर मुलींच्या आया सगळीकडे एकाच शाळेत शिकलेल्या असतात.

मराठी वाचकाला अधिक जवळचं उदाहरण मात्र ‘कच्ची धूप’चं. अमोल पालेकरांनी 1987 साली केलेली ही हिंदी मालिका, पटकथा चित्रा पालेकरांची, आणि आधार लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा. म्हणजे शांता शेळक्यांनी ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणलेली तीच कादंबरी. ती ज्यांनी तेराव्या-चौदाव्या वर्षी वाचली त्यांना तिची नायिका ज्यो ही आपलीच थोरली बहीण वाटते, मग ती अमेरिकेत का राहत असेना. मालिकेत सांगलीच्या पटवर्धन घराण्यातली भाग्यश्री पहिल्यांदा पडद्यावर आली, ‘मैंने प्यार किया’च्या दोन वर्षं आधी. पुढे ‘लगान’ करणारा आशुतोष गोवारीकरही तिच्यात होता. बाप्याविना चालणारं घर, वाढत्या वयाच्या मुली, शेजारचा मुलगा, चेष्टामस्करी, एखादं रुसणं. कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नाही. आज ती पाहिली तर अगदी सावकाश वाटेल. मला तो सावकाशपणा आवडतो, पण तो तेरा आठवड्यांच्या हमीतून आलेला आहे हेही विसरता येत नाही. पुढे काय होणार या धास्तीने भागाचा शेवट डोळे वटारून करायची गरज तिला नव्हती.

आणि गंमत अशी की लग्नाचा तगादा या कादंबरीच्या मुळातच आहे. ‘लिटल विमेन’चा पहिला भाग 1868 साली निघाला आणि अल्कॉटबाईंकडे मुलींच्या पत्रांची रीघ लागली. सगळ्यांना एकच हवं होतं, ज्यो आणि शेजारच्या लॉरीचं लग्न. बाई स्वतः अविवाहित, ज्योला त्यांनी बरंचसं स्वतःवरून बेतलेलं. त्या चिडल्या. 1869 च्या दुसऱ्या भागात त्यांनी ज्योने लॉरीला नकार दिल्याचं दाखवलं, आणि प्रकाशकाचा व वाचकांचा रेटा अगदीच नाकारता येईना म्हणून एक वयस्क, गबाळा जर्मन प्राध्यापक आणून तिचं लग्न त्याच्याशी लावलं. दीडशे वर्षं झाली, वाचक अजून कुरकुरतात. टीआरपी नावाची वस्तू जन्मायच्या कितीतरी आधी ती अशी पत्रांच्या रूपाने हजर होती.

आपल्याकडे त्याची पहिली मोठी प्रचिती ‘हम लोग’ने दिली. 7 जुलै 1984 ला सुरू झालेल्या या मालिकेचे लेखक मनोहर श्याम जोशी यांच्याकडे पत्रांची पोती येत. बडकी आणि डॉक्टर अश्विनीचं एकदाचं लग्न लावा म्हणून लोक लिहीत, आणि ते लागलं तेव्हा घरचं कार्य असावं तशा शुभेच्छा पाठवल्या गेल्या.

त्या काळात आमच्याकडे, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूर भागात, दूरचित्रवाणी म्हणजे छपरापेक्षा उंच बांबू किंवा लोखंडी पाइप आणि त्यावर मुंबईकडे तोंड केलेला अँटेना. लहरी सरळ रेषेत येतात, मधे डोंगर आला की सावली पडते. त्यामुळे एका गावात चित्र स्वच्छ, तर पलीकडच्या पाड्यावर नायिकेच्या चेहऱ्यावर मुंग्या. कल्याणपासून मुरबाडपर्यंत रेल्वे नाही. शहापूर तालुक्याला आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं आहेत, मुरबाडला एसटी. कादंबऱ्या दोन्ही तालुक्यांत गाडीनेच यायच्या. स्टँडवरच्या टपरीत, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात आणि 1967 च्या कायद्याने अनुदान मिळू लागलेल्या सार्वजनिक वाचनालयात. वाचनालयाच्या कपाटात ज्या पुस्तकांचे कोपरे झिजून गोल होत, ती बाबा कदम, सुहास शिरवळकर, चंद्रकांत काकोडकर यांची. काकोडकरांचं पुस्तक घरी नेताना वरून दुसऱ्या पुस्तकाचं वेष्टन घालायची पद्धत होती.

हे काकोडकर प्रकरण थोडं थांबून सांगण्यासारखं आहे. 1962 च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1969 साली न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला, राजेश खन्ना आणि मुमताजचा, तुफान चाललेला. तो काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ कादंबरीवर होता. एकाच लेखकाची एक कथा न्यायमूर्ती वाचताहेत आणि दुसरी सबंध देश सहकुटुंब थिएटरात बघतोय! मराठी समीक्षेने या लेखकाला कधी दारात उभं केलं नाही. सिनेमाने मात्र उचललं, कारण सिनेमाला तीन तासांत संपणारी गोष्ट लागते आणि प्रेमकादंबरी नेमकी तेवढीच असते.

मालिकेला मात्र ती पुरत नाही. न पुरणारी कादंबरी ताणली की काय होतं, याचा उत्तम नमुना ‘चंद्रकांता’. देवकीनंदन खत्रींनी ही कादंबरी 1880 च्या दशकाच्या अखेरीस लिहिली. खत्री चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेकेदार. तिथले पडके किल्ले, खोरी, भुयारं हिंडता हिंडता त्यांना गोष्ट सापडली. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, मधे दुष्ट क्रूरसिंह आणि चुनारचा राजा शिवदत्त, शिवाय वेषांतर करून एकमेकांना बेशुद्ध करणारे ऐयार. ही वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले असं सांगितलं जातं. मराठीत या जातीचं लिखाण त्याहून जुनं आहे. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. तीच संकटं, तेच योगायोग, तीच सुकुमार नायिका. वि. का. राजवाड्यांसारख्या कडक अभ्यासकांनी त्यांना नाकं मुरडली, पण मराठी कादंबरीला वाचकाची सवय लागली ती अशा पुस्तकांनी.

नीरजा गुलेरींची ‘चंद्रकांता’ 1994 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी सुरू झाली. शिखा स्वरूप, शाहबाज खान, शिवदत्ताच्या भूमिकेत पंकज धीर, एक ऐयार म्हणून अजून फारसा माहीत नसलेला इरफान खान, आणि आपली वर्षा उसगावकर. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर चपलांचा ढीग. पण लक्षात काय राहिलं? वीरेंद्र-चंद्रकांतेची प्रीती नव्हे. लक्षात राहिला तो अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह, त्या भिवया आणि ते ‘यक्कू’. शाळेच्या मैदानावर आठवडाभर तेवढंच चाले. पुस्तकातला खलनायक मालिकेत विदूषक झाला आणि त्यानेच मालिका हलकी ठेवली. प्रेमकथा मात्र हळूहळू दिसेनाशी झाली. पुस्तकात नसलेली पात्रं आली, त्यांना जुळे भाऊ झाले, मेलेले परतले. 1996 मध्ये मालिका थांबली तोवर कोण कुणावर प्रेम करतं आहे याचा पत्ता ओटीवरच्या बहुतेकांना नव्हता.

खुद्द खत्रींनी हा पेच जास्त हुशारीने सोडवला होता. पहिल्या कादंबरीच्या शेवटी त्यांनी वीरेंद्र-चंद्रकांतेचं लग्न लावून टाकलं, आणि वाचकांची भूक भागेना तेव्हा ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग लिहिले. त्यात नायक होते त्या जोडप्याचे मुलगे. एका जोडीला ताणण्यापेक्षा पुढच्या पिढीकडे गेलेलं बरं, ही समज आपल्या वाहिन्यांना शंभर वर्षांनी आली, तीही वीस-वीस वर्षांच्या उड्या मारून.

जगात इतरत्र यावर दोन सरळ उपाय झाले. लॅटिन अमेरिकेतली टेलेनोव्हेला रोज दिसते, पण तिचा शेवट आधीच ठरलेला असतो. शंभर-दोनशे भाग झाले की शेवटच्या भागात लग्न आणि पडदा. कोरियन प्रेममालिका तर बहुतेकदा सोळाएक भागांत आटोपतात. 2005 सालची ‘माय लव्हली सॅम-सून’ जी सू-ह्यॉनच्या प्रेमकादंबरीवरून केलेली. नायिका तिशीकडे झुकलेली, अंगाने भरलेली, केक-पेस्ट्री करण्यात तरबेज, तोंडाने फटकळ, आणि नायक तिच्या हॉटेलचा शिष्ट मालक. दोघं करार करून प्रेमाचं नाटक करतात आणि मग व्हायचं ते होतं. सगळं सोळा तासांत. अख्खा कोरिया ती बघत होता, पण म्हणून कुणी सतरावा भाग काढला नाही.

मराठीत रोजच्या मालिकेचा जमाना 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झाल्यानंतर स्थिरावला. या रोजच्या मालिकेनेही लग्नाच्या प्रश्नावर एक तोड काढली: लग्न आधी लावायचं, प्रेम मागाहून. 2012 च्या जानेवारीत सुरू झालेली सतीश राजवाडेंची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ कुठल्या कादंबरीवरची नव्हती, पण सांगाडा पक्का प्रेमकादंबरीचा होता. सोयीपुरतं केलेलं लग्न, घरच्यांपुढे नाटक, आणि नाटक करता करता खरंच जीव जडणं. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी त्यात लाजताना, चिडवताना, पोहे खाताना इतके सहज होते की खलनायकाची आठवणही होत नव्हती. त्याच वर्षात ती संपली. चांगली चाललेली मालिका वेळेवर संपवणं हा आपल्याकडे पराक्रमच. पुढच्या वर्षी आलेली ‘होणार सून मी ह्या घरची’ 2016 पर्यंत चालली. श्री आणि जान्हवीची जोडी लोकांनी डोक्यावर घेतली, मग दोघांची ताटातूट झाली, मग पुन्हा जमलं, आणि जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की तो महाराष्ट्रभर चेष्टेचा विषय झाला. आमच्याकडे हळद लागते एका रात्री, लग्न दुसऱ्या दिवशी, आणि धवलारणीने धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणून मांडव मोकळा होतो. मालिकेत नुसती हळद आठवडाभर चालते आणि रविवारी दोन तासांचा महाएपिसोड.

लांबूनही हलकं राहिलेलं एक उदाहरण आहे, आणि ते पुस्तकावरचंच आहे, फक्त प्रेमकादंबरीवरचं नाही. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदेंनी 2001 मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू केली. आबा, शेखर, श्यामल, शलाका आणि शिऱ्या. मूळ पुस्तक रोजनिशीचं. रोजनिशीत आजचा दिवस आज संपतो, उद्याला वेगळी भानगड. कुणाचं कुणाशी जमायचं राहिलेलं नसल्यामुळे ताणण्याजोगं काही नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालली तरी थकली नाही. प्रभावळकरांनीच 1977 च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव रंगवला होता, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. तिथेही तेच, एक प्रसंग, एक फजिती, पुढच्या खेपेला नवी. विनोदी पुस्तकं मराठी पडद्यावर टिकली याचं श्रेय नटांना आहेच, पण थोडं त्या पुस्तकांच्या घडणीलाही द्यायला हवं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळा दोष वाहिन्यांच्या लोभाचा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण प्रेक्षकांच्या बाजूनेही एक गोष्ट बघायला हवी.

2015 पर्यंत देशातली प्रेक्षकगणना शहरांपुरती होती. मुरबाड-शहापूरची बाई रोज रात्री आठला मालिका लावत होती, भारनियमनात वीज गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण गाठत होती, पण टीआरपीच्या वहीत ती नव्हतीच. ऑक्टोबर 2015 मध्ये प्रेक्षकगणना करणाऱ्या बार्क या संस्थेने ग्रामीण भागातली आकडेवारी मोजायला घेतली आणि वर्षभरात मालिकांचं नेपथ्य पालटू लागलं. 2016 मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडच्या तालमीत शिरली, 2017 मध्ये ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडच्या फौजी गावात. दोन्ही प्रेमकथा, दोन्ही सुरुवातीला हसऱ्या. मोजणी सुरू झाल्याबरोबर नायकाच्या अंगाला माती लागली.

पण गावात मोजणी केली आणि लग्नानंतरची कटकट कमी झाली, असं काही घडलं नाही. उलट तीच जास्त पाहिली गेली. याचं कारण मला प्रेमकादंबरीत सापडत नाही, जात्यावरच्या ओव्यांत सापडतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या तर लग्न जमेपर्यंतच्या हुरहुरीला त्यात जागा थोडी. भरून राहिलेत ते सासू, नणंद, माहेरची वाट, भाऊ, लेक सासरी जाणं, नवऱ्याचं वागणं. ज्या बाईने नवरा निवडलाच नाही तिच्या आयुष्याची गोष्ट मांडवात संपत नाही, तिथून सुरू होते. फडके-काकोडकरांची नायिका कॉलेजात शिकणारी, टेनिस खेळणारी, स्वतः निवडणारी. तिला शेवटच्या पानावर लग्न शोभतं. मुरबाडमधल्या टोकावड्याच्या किंवा शहापुरातल्या डोळखांबच्या बाईला शेवटच्या पानावरचं लग्न म्हणजे फसवणूक वाटली तर नवल नाही. रोजच्या मालिकेने लग्न मधे आणलं ते भागांची संख्या भरायला हे खरंच. पण तिथे तिला तिचा प्रेक्षक आयता उभा सापडला.

मात्र या प्रेक्षकाला हसायला आवडत नाही, असा निष्कर्ष वाहिन्यांनी काढला तो साफ चुकीचा. ओव्यांत सासूची जी टर उडवलेली आहे ती कुठल्याही संवादलेखकाने उचलावी अशी आहे. हळदीच्या रात्री बायका व्याह्यांना ज्या शिव्या गाण्यातून घालतात, त्यांत कट नाही, विष नाही, भरपूर हसू आहे. लग्नानंतरचं घर आणि हलकेपणा एकत्र नांदू शकतात. टिपऱ्यांच्या घरात ते नांदले होते. श्यामलही कुणाची सूनच होती.

आता गावातल्या मुली कोरियन मालिका हिंदीत भाषांतरित झालेल्या, मोबाइलवर, दोन रात्रींत संपवतात. नात्यातल्या एका मुलीने हौसेने आपल्या चुलतीला अशी एक सोळा भागांची मालिका दाखवली. चुलतीने ती भाकरी थापता थापता, मधून मधून हसत, मन लावून पाहिली. शेवटी लग्न झालं, नावं वर सरकू लागली.

“संपली?”

“संपली काकी. झालं ना लग्न.”

“अगं, पण त्या पोराची आई कसली खमकी दाखवलीय. तिच्याजवळ ही नांदणार कशी, ते नको का दाखवायला?”